दिलगिरीचं वाक्य

अमेरिकेतल्या टुसान शहरात एका कूलर कंपनीत लॉर्ना प्रुइट बावीस वर्षं ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं देत होती. मे महिना लागला की तक्रारींचा नुसता पाऊस पडायचा. त्यातली निम्मी पत्रं स्पॅनिशमध्ये असायची आणि ती सगळी युलालिया बारागानच्या टेबलावर जायची. यंदा साहेबांनी सांगितलं, "लॉर्ना, पत्रात लागतात तेवढी वाक्यं तूही शिकून घे. युलालिया शिकवेल."

लॉर्नाच्या मनात पाल चुकचुकली. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती आणि तिच्यावर दोघींचाही डोळा होता. मग ही बाई आपल्याला मन लावून कशाला शिकवेल?

युलालियाने कागद पुढे ठेवला. लॉर्ना अडखळत वाचू लागली, "लामेंतामोस लास मोलेस्तियास..." आणि थबकली. इंग्रजीत अंगचटीला जाण्यासाठी जवळजवळ हाच शब्द होता, 'मोलेस्ट'.

"याचा अर्थ काय गं?"

"तुम्हाला त्रास झाला, आम्ही दिलगीर आहोत. तक्रारीच्या उत्तरात हे आधी हवंच."

"आणि हे शेवटचं?"

"केदो आ सुस ओर्देनेस. मी आपल्या आज्ञेत आहे."

"आज्ञेत? मी काय त्यांची मोलकरीण?"

युलालिया खळखळून हसली. "अगं, शेवटी असंच लिहितात!"

ते हसणं लॉर्नाला टोचलं. दुपारी युलालिया फोनवर बोलत होती. लॉर्ना जवळून जाताच तिने आवाज खाली आणला. झालं, लॉर्नाची खात्रीच पटली. शब्दकोश उघडून बघावा, असंही तिला वाटलं नाही. आज्ञेचं वाक्य तिने नाक मुरडत ठेवलं, पण दिलगिरीचं प्रत्येक पत्रातून गाळलं.

दहा दिवसांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात आले. नाव इलारियो सुबियाते. हातात पत्र.

"लॉर्ना प्रुइट कोण?"

लॉर्ना खुर्चीतून उठली. काय लिहून गेलंय आपल्या हातून?

"तीन वेळा कूलर बंद पडला, बाई. माझी बायको दम्याची. ओला टॉवेल अंगावर घेऊन बसली होती. नवी मोटर पाठवताय, ठीक. माझ्या आज्ञेत आहात, तेही ठीक. पण अख्ख्या पत्रात दिलगिरीचा एक शब्द नाही?"

युलालियाने पत्र घेऊन वाचलं. "ते वाक्य कुठे गेलं?"

"मी काढलं."

"का?"

"मला वाटलं, तू माझ्याकडून काहीतरी घाणेरडं लिहून घेतेयस."

या वेळी युलालिया हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. लॉर्नाला तिच्याकडे बघवेना. ती इलारियोंकडे वळली आणि चाचरत म्हणाली, "लामेंतामोस... लास मोलेस्तियास."

म्हाताऱ्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "उच्चार भयंकर आहे," ते म्हणाले, "पण पोचलं."

त्या आठवड्यात लॉर्नाने एकतीस ग्राहकांना पुन्हा पत्रं लिहिली. पाकिटात घालण्याआधी युलालिया प्रत्येक पत्र ओळ न् ओळ वाचत होती.

"आता बसला विश्वास?" तिने मान वर न करता विचारलं.

"पुरता नाही," लॉर्ना खरं ते बोलली.

"माझाही नाही," युलालिया म्हणाली आणि पुढच्या पत्रासाठी हात पुढे केला.