घेऊन राहिली

या, असे जवळ सरका. त्या खांबाला टेकू नका. टेकलं की डोळा लागतो, आणि झोपलेल्या माणसाला मी काही सांगत नसतो. आज देवादिकांचं आख्यान नाही. एका दवाखान्याचं आहे. तो दवाखाना फार शिकला. काय शिकला, कसा शिकला, आणि शिकता शिकता कोणाला विसरला, तेवढं सांगतो. मधूनमधून हसलात तरी चालेल. मीही हसलो होतो.

बहात्तर-त्र्याहत्तरचा सुमार असेल. नागपुरात टीबीचा एक दवाखाना होता. नाव घेत नाही. तिथे पुण्याहून डॉक्टर शरच्चंद्र आले. माणूस सज्जन, तळमळीचा. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर पाटी लावली : 'शिकतो तोच दवाखाना.' दर शनिवारी सभा, सभेत तक्ते, तक्त्यांवर बऱ्या झालेल्यांची निळी रेघ आणि न झालेल्यांची लाल. निळी रेघ वर चढली की चहासोबत चिवडा. लाल चढली की नुसता चहा.

डॉक्टरांचा प्रश्न मात्र खरा होता. रोगी गोळ्या घरी नेतात, तरी काही जण बरे का होत नाहीत? गोळ्या घेत नाहीत, की घेऊनही लागू पडत नाहीत? कपाटात दुसरं, जास्त जोराचं औषध होतं. पण ते कोणाला, तर पहिलं नेमाने घेऊनही गुण आला नाही त्याला. म्हणजे आधी विचारायला हवं. डॉक्टर स्वतः विचारायचे, दार लावून. नर्स, कंपाउंडर, सगळी नागपूरची मंडळी, दाराबाहेर. तिसरं माणूस समोर असलं की रोगी खोटं बोलतो, असं शास्त्र आहे म्हणे.

आमच्या शेजारी अंजनाबाई राहायची. नवरा देवाजी गांधीबागेत कापडाच्या गाठींची हातगाडी ओढायचा. बाईला कीर्तनाचं वेड माझ्याइतकंच. पण खोकला असा, की ती मंदिराच्या पायरीवरच बसायची, तोंडाला पदर लावून. गोळ्या मात्र नैवेद्य दाखवावा तशा नेमाने घ्यायची. आणि तरी वाळत चालली होती. तिला ते कपाटातलं औषध हवं होतं. तिची पाळी आली, दार लागलं.

"गोळ्या घेता ना रोज?"

"घेऊन राहिली ना जी!"

आता पुणेरी कान तो. त्यात आधी 'राहिली' शिरलं, पाठोपाठ 'ना' शिरलं, आणि दोघांनी मिळून घात केला. पुण्याकडे काम राहिलं म्हणजे झालंच नाही. आमच्याकडे काम करून राहिलो म्हणजे हा काय, करतोच आहे!

"राहिली?"

"राहिली ना!"

"केव्हापासून?"

"पहिल्या दिसापासून घेऊन राहिली, डॉक्टरसाहेब."

"आणि आता?"

"आता बी घेऊन राहिली."

"बाई, तुम्हाला काही लाज?"

"लाज काहून वाटन जी? चांगल्या कामाची लाज कायची!"

हे सगळं तिनेच मला अंगणात हसून हसून सांगितलं. "पुन्याचा मानूस गा, गोळी खाल्ली तरी लाजाले सांगते!" आम्ही ते पुण्याच्या रीतीभातीत जमा केलं आणि सोडून दिलं.

डॉक्टरांनी सोडलं नाही. ज्याला त्याला विचारलं, आणि जो तो छाती काढून सांगे, घेऊन राहिलो! प्रबंध तयार झाला : 'नागपूरच्या क्षयरुग्णांतील अभिमानपूर्वक औषधत्याग.' परिषदेत वाचला गेला. शाल मिळाली, नारळ मिळाला, गळ्यात हार पडला.

मग लोकशिक्षण. चौकाचौकात फलक लागले : 'गोळ्या राहू देऊ नका!' दवाखान्याचाच रोगी असलेल्या धरमपेठेतल्या भैय्याजी पानवाल्याने तो वाचला आणि घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोळ्या आणून डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्या. "तुमीच लिवलं ना जी, राहू देऊ नका. पाहा, घरात एक बी राहू देल्ली नाही." त्या शनिवारी भैय्याजी लाल रेघ झाला.

अंजनाबाई पुन्हा गेली. "मले दुसरं औषध द्या जी. यानं गुण नाही."

"आधी हे घ्या, मग दुसरं मागा."

"घेऊन राहिली ना!"

"अहो, तेच तर म्हणतोय मी!"

बाई रडत परत आली. "खोटारडी म्हनते गा मले," एवढंच म्हणाली. त्या दिवशी हसली नाही.

इकडे सभेत ठरलं की फलक पुरेसे नाहीत, या लोकांना कीर्तनातून शिकवावं. माझ्या जिवाला केवढा आनंद! मार्तंडबुवा ठरले, गांधीबागेतलं मंदिर ठरलं. डॉक्टर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. अंजनाबाई पायरीवर. पूर्वरंगात बुवांनी नाम हेच औषध म्हणून सांगितलं आणि ओघात टीबीच्या गोळ्याही निरूपणात घेतल्या. मग उत्तररंग, द्रौपदीचं आख्यान. आमचे कापडवाले ते फार भक्तीने ऐकतात. एवढा माल एका खेपेत पोचवणारा दुसरा कोण आहे? बुवा रंगात आले, चिपळ्या वाजल्या.

"तिकडं द्रौपदी हाका मारून राहिली! आन् इकडं देव? देव ऐकून राहिला हो, ऐकून राहिला!"

सभामंडपात टाळ्या. डॉक्टर कावरेबावरे झाले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "देवाचंही ऐकायचं राहिलं?"

"राहिलं कसं साहेब? ऐकून राहिला म्हणजे ऐकतोय. तिची हाक त्याच्या कानात पडतेच आहे."

"मग... गोळ्या घेऊन राहिली म्हणजे?"

"घेतेच आहे."

मी त्या वेळी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. मागे वळून त्यांनी पायरीकडे पाहिलं. अंजनाबाई पदराआडून खोकत होती, आणि एका हाताने मांडीवर टाळी धरत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कपाटाची किल्ली मागायला गेले. किल्ली अधीक्षक केशवरावांकडे. केशवराव म्हणाले, "छापून आलंय हो! हार पडलाय गळ्यात. एका क्रियापदापायी हार परत करता?"

"रोगी मरतील, केशवराव."

"नियमाने सुधारू ना. शिकणारा दवाखाना आहे आपला, हे तुम्हीच लिहिलंय भिंतीवर."

'राहणे' या क्रियापदावर उपसमिती नेमली गेली. एक सभासद म्हणाला, व्याकरणाच्या पंडितांना विचारा. दुसरा म्हणाला, पंडित पुण्याचा नको. एखादा रोगी बोलावून विचारावं, असं डॉक्टर म्हणाले, तर ते शिस्तीत बसेना. उन्हाळा गेला, पावसाळा आला. अखेर उत्तर आलं : प्रयोग प्रादेशिक आहे, अर्थ ग्राह्य आहे. कपाट उघडलं.

डॉक्टर स्वतः औषध घेऊन आमच्या गल्लीत आले. अंजनाबाई तोवर अंथरुणाला लागली होती. देवाजी उशाशी बसून होता. रोज सकाळी डॉक्टर दारात उभे राहून विचारायचे, "घेता ना बाई?"

"घेऊन राहिली ना जी."

आता त्यांना कळत होतं. मान खाली घालून निघून जायचे.

दिवाळीपर्यंत ती राहिली. मग राहिली नाही. या शब्दाचा हा तिसरा अर्थ. त्याला उपसमिती लागत नाही, पुण्याला आणि नागपूरला तो सारखाच कळतो.

दवाखाना मात्र शिकला. दुसरा प्रबंध निघाला : 'बोलीभाषा आणि रुग्णसंवाद : एक धडा.' केशवरावांनी तो परिषदेत वाचला, हार पहिल्यापेक्षा मोठा होता. डॉक्टर शरच्चंद्र त्या परिषदेला गेले नाहीत. त्या प्रबंधात अंजनाबाईही आहे, 'एक स्त्री रुग्ण' म्हणून. नव्या डॉक्टरांना आता आल्या दिवशी आमचे शब्द शिकवतात. चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही.

पण बाबांनो, तुम्ही कधी दवाखान्यात गेलात, 'औषध घेऊन राहिलो' म्हणालात, आणि समोरच्या डॉक्टराने पटकन मान डोलावली, तर त्या मान डोलावण्यापाशी क्षणभर थांबा. पायरीवर बसून एका हाताने टाळी धरणारी अंजनाबाई आठवा. तेवढी मात्र राहू द्या.