निरोप वेळेवर आला होता

मी फादरांच्या खिशातली तेलाची डबी बोलतेय. अंगठ्याएवढी आहे, पितळेची, वरून चांदीचा मुलामा, झाकण आट्यांचं. आत तेलात भिजलेला कापसाचा बोळा असतो. कुणी आजारी असलं की फादर त्या घरी जातात, माझं झाकण फिरवून काढतात, अंगठा त्या बोळ्यावर टेकवतात आणि आजाऱ्याच्या कपाळावर आणि तळहातांवर क्रूस काढून प्रार्थना म्हणतात. माझं काम एवढंच.

पेले आणि घंटा बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. झाकणावरचा क्रूस कोरताना कारागिराला शिंक आली असावी, कारण तो जरासा कलता आहे. एका आईनं मला विकत घेतलं आणि तिचा मुलगा धर्मगुरू झाला त्या दिवशी त्याच्या हातात ठेवलं. तो मुलगा म्हणजे आताचे म्हातारे फादर. त्यांच्या डाव्या खिशात मी एकेचाळीस वर्षं काढली.

लोकांना वाटतं, फादरांना काम काय, रविवारी उपासना आणि प्रवचन. खिशात राहून पाहिलं तर वेगळं दिसतं. बाळांना बाप्तिस्मा द्यायचा. लग्न करू पाहणाऱ्यांना समजावायचं, मोडू पाहणाऱ्यांना त्याहून जास्त समजावायचं. तुरुंगात भेटीला जायचं. कबरीच्या काठाशी उभं राहून शब्द शोधायचे. आणि लोकांच्या पापांची कबुली ऐकायची. ती ऐकताना गळ्यात जांभळा पट्टा घालतात, आणि त्या वेळी कानावर पडलेलं कुणापाशीही बोलायचं नसतं, अगदी जिवावर बेतलं तरी.

म्हातारे फादर हे सगळं मनापासून करत. एका दुपारी मात्र त्यांची चूक झाली, आणि तेव्हा मी तिथेच होते.

बिशप जेवायला आले होते. ते फादरांच्या बदलीविषयी बोलत होते, मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चविषयी. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी सुताराची बहीण आली. सुताराची बायको तापानं खंगली होती आणि फादरांना बोलावत होती. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी लगेच आत येऊन फादरांच्या कानात सांगितलं. फादर म्हणाले, "सांगा, आलोच." पण बिशपांचं बोलणं संपेना, आणि त्यांच्यासमोरून उठायचं फादरांच्या जिवावर आलं. सव्वा तास गेला. आम्ही पोचलो तेव्हा ती बाई जाऊन वीस मिनिटं झाली होती.

सुतार दारातच उभा होता. "फार वाट पाहिली तिनं," तो म्हणाला.

"मला निरोप आत्ताच मिळाला," फादर म्हणाले.

बस, एवढंच वाक्य. मग लोकांनीच हिशेब जुळवला की मावशी निरोप द्यायला विसरल्या. फादरांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. निरोप लगेच दिला होता असं मावशी महिनाभर लोकांना सांगत राहिल्या, मग सांगायचं थांबल्या, मग गाव सोडून बहिणीकडे राहायला गेल्या. सुतारानं चर्चकडे पाठ फिरवली. ती बदली पुढे झालीच नाही.

एकोणीस वर्षं गेली. फादरांचे गुडघे थकले, नवे फादर आले. म्हातारे फादर मागच्या खोलीत राहू लागले आणि मी नव्या खिशात गेले. नव्या फादरांच्या पायाला भिंगरी होती. सुताराच्या फुप्फुसांनी आता साथ सोडलीय असं त्याच्या मुलीनं सांगितलं, तसे ते त्याच दुपारी निघाले.

सुतार उशीला टेकून बसला होता. फादरांनी मला बाहेर काढलेलं पाहून म्हणाला, "तेल लावायला आलात? त्या दाराच्या बिजागरीला लावा. करकरतंय."

"हे नाही लावता यायचं. घरातलं द्या," फादर म्हणाले, आणि मुलीनं आणून दिलेल्या तेलानं त्यांनी खरोखरच बिजागरी गप्प केली. मला खिशात टाकलं आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. सुतार लाकडाविषयी बोलायचा, फादर ऐकायचे. तेलाचा विषय दोघंही काढत नव्हते.

चौथ्या गुरुवारी सुतारानंच काढला. "मावशी विसरणारी बाई नव्हती, फादर. भाताला मीठ कधी चुकलं नाही तिचं. तुमच्या त्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, निरोप किती वाजता आला होता. उत्तर मिळालं तर तेल लावा, नाहीतर राहू दे."

नव्या फादरांनी घरी येऊन सरळ विचारलं.  म्हातारे फादर उठले, खुंटीवरचा जांभळा पट्टा काढला आणि तो नव्या फादरांपुढे धरला. "हा घाल. मला कबुली द्यायची आहे."

नव्या फादरांनी पट्टा हातात घेतला, गळ्यात घातला नाही. "घालतो. ऐकेन, आणि क्षमेची प्रार्थनाही म्हणेन. पण एकदा ऐकलं की माझ्या तोंडाला कुलूप. मग त्या माणसाला खरं सांगायला तुमच्याशिवाय कुणी उरणार नाही. तुम्ही सांगाल का?"

 चाळीसच्या वर वर्षं म्हाताऱ्या फादरांनी दुसऱ्यांना क्षमा ऐकवली होती. स्वतः कुणाच्या दारात जाऊन मागायची म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी कळत होतं असं मला वाटलं.

"तो पट्टा खुंटीला लाव," शेवटी ते म्हणाले. "आधी तिकडे जाऊ. माझी काठी कुठे आहे?"

सुताराच्या खोलीत ते बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "निरोप वेळेवर आला होता. मावशींनी लगेच सांगितला. मी बिशपांसमोरून उठलो नाही, आणि तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."

 धाप ओसरल्यावर सुतार म्हणाला, "मला सांगितलंत. मावशीला कोण सांगणार?"

"जाईन."

"आधी जाऊन या. मी थांबतो."

डॉक्टरांनी त्याला आठवडा दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही फादर बसनं निघाले, दोन तासांचा रस्ता. मावशी शिलाई मशीनवर काम करत होत्या. म्हाताऱ्या फादरांनी उंबरठ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. मशीन चालूच होतं. शिवण टोकापर्यंत गेली, मावशींनी दोरा तोडला, मग मान वर केली.

"एकोणीस वर्षं, फादर. बहिणीलासुद्धा आतून वाटायचं की मी विसरले असेन. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. चष्मा पुसला आणि विचारलं, "परतीची बस किती वाजता?"

दुपारी त्या सुताराच्या खाटेशी उभ्या होत्या. "मी सांगितलं होतं रे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, मावशी. बसा."

मग सुतारानं मान वळवली आणि म्हाताऱ्या फादरांना म्हणाला, "आता लावा. तुम्हीच लावा."

नव्या फादरांनी मला त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या बोटांना झाकण उघडेना, ते मावशींनी फिरवून दिलं. सुताराच्या कपाळावरचा क्रूस माझ्या झाकणावरच्यापेक्षाही वाकडा आला.  सुतार त्यानंतर तीन महिने जगला आणि तेवढ्यात मुलीसाठी एक कपाट पुरं केलं. संध्याकाळी घरी आल्यावर म्हाताऱ्या फादरांनी तो पट्टा पुन्हा मागितला आणि नव्या फादरांनी खोलीचं दार लावून घेतलं. त्या वेळी मी बाहेर, कोटाच्या खिशात होते. पुढचं मला ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

आता माझा मुलामा उडाला आहे, आटे झिजले आहेत. वर्षातून एकदा जुनं तेल जाळतात आणि बिशपांनी आशीर्वाद दिलेलं नवं तेल भरतात. लोक अजूनही मला पाहिलं की आवाज खाली आणतात, जणू सगळं संपलंच. म्हणून जाता जाता एक विनंती. घरी कुणी आजारी असेल तर मला बोलावणं श्वास मोजायची वेळ येईपर्यंत लांबवू नका. माणूस बोलू शकतो आहे तोवर फादरांना बोलवा. तेल लावायला दोन मिनिटं पुरतात. मनातलं बोलायला माणसाला चार-चार गुरुवार लागतात.