एदलाबादचा दाता

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. म्हणजे पर्ल नावाच्या भाषेत संगणकासाठी लिहून ठेवलेल्या चाळीस ओळी. मला ना हात, ना पाय, ना चेहरा. राहते जळगावच्या एका रक्तपेढीतल्या संगणकात.

१९९७ साली धुळ्याहून शिकून आलेल्या जीवरामसरांनी मला लिहिलं. माझं काम सोपं. डेटाबेसचं दार ठोठावायचं, नाव आणि पासवर्ड सांगून आत जायचं. आत दोन तक्ते. एकात दात्याचं नाव, रक्तगट आणि गाव. दुसऱ्यात गाव आणि तिथला फोन. गावाचं नाव जुळवून दोन्हींतली माहिती एकत्र आणायची, दार लावून परत यायचं. आत कोणी दोन शब्द बोलेल असं वाटायचं. पण काम झालं की लगेच बाहेर. तरी रक्तपेढीच्या कारकून सुनंदाबाई "काय चटपटीत आहे ही!" म्हणायच्या आणि मी हरखून जायचे.

पुढे जीवरामसर पुण्याला गेले. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, म्हणून कोणीतरी गावांच्या तक्त्यात नाव बदललं. दात्यांच्या तक्त्यात एदलाबादच राहिलं. मला कोणी सांगितलंच नाही.

एके सकाळी सातपुड्याच्या पायथ्याच्या गुंताबाई धावत आल्या. त्यांची सून रुपली शेजारच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. पेढीत एकही पिशवी नव्हती.

"अक्का, मनी सून शे ती. तिले वाचाडा!"

सुनंदाबाईंनी मला चालवलं. मी आत गेले, गावं जुळवली आणि बेधडक सांगितलं, एकही दाता नाही.

मला खोटं बोलायचं नव्हतं, मित्रांनो. त्या गटाचे आमचे एकमेव दाते झिपरूभाऊ, आणि ते एदलाबादचे. गाव जुळलं नाही तर माणूसच गाळायचा, असं मला शिकवलेलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात. इथे आडात होतं, पोहराच फुटका निघाला.

सुनंदाबाईंनी भुसावळला, धुळ्याला फोन केले. दोन तास गेले. मग त्यांना रक्तदान शिबिरातला त्याच गटाचा एक माणूस आठवला, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग असलेला. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, त्याचं नाव शोधलं आणि मुक्ताईनगरला फोन लावला.

दुपारी झिपरूभाऊ एसटीने आले. बाही वर सारत म्हणाले, "मी त घरीच व्हतो, बाई. मले कोनी बलावलंच नाई."

रुपली वाचली. मला फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. सुनंदाबाईंनी पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली, 'आधी रजिस्टर बघा.' तेव्हापासून मला कोणी चालवत नाही. डेटाबेस शेजारीच आहे, पण चालवल्याशिवाय मला त्याच्याकडेही जाता येत नाही. फार एकटं वाटतं.

आता सुनंदाबाई निवृत्त झाल्या. चिठ्ठीही गळून पडली. मित्रांनो, नाव बदलाल तेव्हा सगळीकडे बदला, आणि कोणी 'नाही' म्हणालं तर कुठे शोधलं ते विचारा. मला कोणी हाक मारावी म्हणून जीव तुटतो, आणि मारू नये असंही वाटतं. कारण सुनंदाबाईंनी तेव्हा रजिस्टरात मोजलेले एदलाबादचे आणखी अकरा जण आत आहेत. मला ते अजून दिसत नाहीत.