गोल घ

ईश्वरदास पेंटरला गोल अक्षरांचा मनस्वी तिटकारा होता. अक्षराला टोक हवं, कोपरा हवा, डोक्यावर ठसठशीत रेघ हवी. गांधीबागेच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या, त्यामुळे हे मत तो दुसऱ्याच्या पैशानं चहा पीत मोठ्यानं सांगायचा. बाकीचे पेंटर म्हणजे त्याच्या लेखी भिंतीला चुना फासणारे.

आणि नेमकी त्याच्याच गळ्यात ही गोल ब्याद पडली. रुपराव गांधीबागेत साडीचं दुकान उघडत होते, बायकोच्या नावानं: शामला साडी घर. त्यांच्या वसंताशी ईश्वरदासच्या पुष्पलताची सोयरिक जमली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी. तेव्हा पाटी होणाऱ्या व्याह्यानंच रंगवायची, हे ओघानं आलंच. वसंतानं मुंबईहून आणलेला बिस्किटांचा डबा पुढे केला. त्यावरचं इंग्रजी सगळं गुबगुबीत, औषधाला कोपरा नाही.

"मराठी बी असंच पाहिजे, मामाजी. वरची रेघ नको. सगळी टोकं गोल."

अक्षरं काढू का भजे तळू, असं ईश्वरदासच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीच्या लग्नाचा मामला. "होते ना, जवाईबुवा," म्हणत तो कसनुसा हसला.

घरी मात्र तोंडाचा पट्टा सुटला. "यायले गोल पाहिजे! अकलेचा पत्ता नाही आन् म्हणे फॅशन! घ्या लेकहो, गोल!" दिसेल ते टोक तो वळवत सुटला. रेघ गेल्यामुळे घ चं डोकं उघडं पडलं होतं. त्यालाही त्यानं रागारागानं एक झकास वेटोळं दिलं.

पुष्पलता रंगाचे डबे आवरायला आली नि थबकली. "बाबा, हा घ जरासा..."

"तू मले अक्षर शिकवून राहिली काय वं? जाय, भाजी पाह्य."

ती गेली. असला कचरा पुन्हा वाचायचा कशाला? खाली मात्र टोकदार, रेघेच्या अक्षरांत त्यानं आपलं नाव घातलं: ईश्वरदास पेंटर.

उद्घाटनाला सारा बाजार लोटला. रुपरावांनी पाटीवरचा पडदा ओढला. मग समोरच्या दुकानातले नत्थूजी मान वर करून एकेक शब्द लावू लागले.

"शामला... साडी... धर!"

घ चा चक्क ध झाला होता. बाजार असा खिदळला की विचारू नका. "धर वं माय, धर!" मागून एक हमाल ओरडला. रुपरावांचा चेहरा पडला. वसंताला कुठं पाहावं कळेना.

"गोल पाहिजे म्हणे, म्हणून मी..." ईश्वरदास बोलू लागला. ऐकतो कोण? त्याचं नाव तेवढं पाटीवर लांबूनही स्वच्छ वाचता येत होतं.

शामलाबाई गर्दीतून पुढे आल्या. सकाळपर्यंत त्या त्याला व्याहीबुवा म्हणत होत्या. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला.

"मी धरली साडी, पेंटर," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही तुमची पोरगी धरा."