तिसऱ्या रांगेतला गवंडी

संपादकांनी लाल पेन्सिलीने चित्रातल्या गवंड्याच्या तोंडावरच फुली मारली.

स्वयंसेवक सैनिकांच्या शपथविधीचं चित्र होतं. चित्रकाराने शाळेच्या पटांगणात भर उन्हात उभं राहून रेखाटलेलं. तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेला, पन्नाशी उलटलेला गवंडी हात वर करून उभा होता.

"या थेरड्याला बघून लोक म्हणतील, आपल्याकडे माणसंच उरली नाहीत."

"पण तो होता तिथे, साहेब."

"होता ना? आता नाही. त्याच्या जागी झेंडा काढ."

चित्रकाराच्या मस्तकात तिडीक गेली. तरी मूग गिळून त्याने पांढरा रंग कालवला. झेंडा फर्मास जमला. अंक हातोहात खपला.

तीन महिन्यांनी एक बाई तोच अंक मुठीत चुरगाळून थेट त्याच्या टेबलापाशी आली. गवंड्याची बायको.

"गेले ते. आघाडीवर, दुसऱ्याच आठवड्यात," ती म्हणाली. "आणि भरतीची कचेरी म्हणते, वहीत नावच नाही. शपथ घेतलीच नाही म्हणे. सैनिकच नव्हते, तर प्रेत कसलं मागता? मी म्हटलं, घेतली, मी पाहिलंय. तर तिथल्या कारकुनाने हेच चित्र माझ्यापुढे आपटलं. दाखवा म्हणाला, यात कुठायत!"

चित्रकार खाली मान घालून कुंचला पुसत राहिला.

"मी कुंपणाशी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही त्यांना काढलंत. नाक जरा लांबच झालं होतं. मग हा मेला झेंडा कुठून उपटला?"

आतल्या खोलीतून संपादक बाहेर आले.

"बाई, एवढ्या गर्दीत एखादं माणूस राहून जातं. विसरला असेल तो."

चित्रकाराने कुंचला टेबलावर आदळला. पाण्याचा पेला कलंडून नव्या चित्रावर ओघळ गेले.

"विसरलो नाही. यांनी सांगितलं आणि मी पुसला. माझ्या या हाताने."

बाईचा हात उगारला गेला. वरच थांबला आणि खाली आला.

"हे तिथे येऊन बोलाल?"

"उंबरठा ओलांडलास तर परत यायचं नाही," संपादक म्हणाले.

चित्रकाराने कपाटातून मूळ चित्र काढलं; झेंड्याच्या रंगाखाली लाल फुली अजून पुसट दिसत होती. ते त्याने काखोटीला मारलं.

बाई जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलीसुद्धा होती.

"लवकर चला," ती मागे न बघता म्हणाली. "कचेरी पाचला बंद होते."