प्रशिक्षणाला निघालेली अनुजा

अनुजाचं नाव निवडयादीत नाही, हे लालबागच्या आमच्या चाळीत तिघांनाच ठाऊक होतं. ती, तिचे वडील राजेश आणि मी. मला तिने का सांगितलं, कोण जाणे. मी वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात जन्म काढलेला माणूस. सल्ला मागावा असं माझ्यात काही नाही. गुपित बाहेर जाणार नाही, एवढंच तिला पटलं असावं.

विमानांना उतरण्या-उडण्याची परवानगी देणाऱ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरची ती नोकरी. जागा काहीशे, अर्ज लाखांनी. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यापासून अनुजा दुसरं काही करतच नव्हती. यंदा लेखी परीक्षेत ती पास झाली, आवाजाच्या चाचणीला बोलावणं आलं, आणि लगेच मंडळाच्या विनीतने नाक्यावर बॅनर लावायचं ठरवलं. मजकूर माझ्याकडे मागितला. मी 'लेखी परीक्षेत यश' असं लिहून दिलं.

"नाना, लेखी-बिखी कोण वाचतो? डायरेक्ट 'निवड' टाकतो."

"अजून चाचणी आहे रे. जागांच्या दुप्पट मुलं बोलावलीत म्हणे."

"मग आपली पोरगी पडणार काय? तुम्ही पण ना, पनवती."

बॅनर लागला. वर हात जोडलेले नगरसेवक साहेब, खाली अनुजाचा कॉलेजातला फोटो.

ती पडली नाही. चाचणी, कागदपत्रं, सगळं नीट पार पडलं. निवडीची रेघ मात्र लेखी गुणांवर ओढली गेली, आणि एका गुणाहूनही कमी फरकाने ती रेघेखाली राहिली. पुढच्या भरतीला वय बसत नाही.

तोड राजेशने काढली. प्रशिक्षणाला मुलं परगावी जातातच. अनुजाने काही महिने कणकवलीला आत्याकडे राहायचं, मग 'नोकरी पटली नाही' म्हणायचं. विनीतला 'ट्रेनिंगला चालली' एवढंच कळलं आणि त्याने चाळीच्या चौकात निरोप समारंभ ठेवला.

शाल झाली, नारळ झाला. तळमजल्यावरची शेवंती आपल्या नातीला, पूर्वीला, पुढे ढकलत म्हणाली, "आमच्या पूर्वीक पण सांग गो, कसा केलंस ता."

विनीतने माइक अनुजाच्या हातात दिला. राजेश पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत होता.

"पूर्वी, अभ्यास कर," अनुजा म्हणाली. "भरपूर कर. तरी माझ्यासारखं होऊ शकतं. माझी निवड झालेली नाही. मी ट्रेनिंगला चाललेली नाही."

कोणी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले.

"म्हणजे नाक्यावरचो बॅनर खोटो?" शेवंतीने विचारलं.

"ए, काय बोलतेस तू?" विनीतने माइक काढून घेतला. "साहेबांनी पोस्ट टाकलीय. आता त्यांच्या ऑफिसात मी काय तोंड दाखवू?"

मी उठलो. म्हणालो की हिने लाखोंना मागे टाकलंय, पाऊण गुणाने कोणी लहान होत नाही. निदान असंच काहीतरी म्हणालो असेन. माझा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही.

"नाना, बसा," कोणीतरी म्हणालं. मी बसलो.

शेवंती पूर्वीला समजावत होती, "तू आपला बँकेचा बघ." बँकेलाही लाखोंनीच बसतात, हे तिला कोण सांगणार.

अनुजाने शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली. राजेशने बॅग उचलली.

"चल, बस चुकेल."

"आता कशाला, बाबा? सगळ्यांना कळलं."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग त्याच्या मागोमाग गेली.