पुढच्या उजव्या चाकाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना बारमाही टायर आहे, आणि आधीच कबूल करून टाकतो, मला दुसऱ्याचं कौतुक सहन होत नाही. आत्मवृत्त सांगणारे बहुतेक जण स्वतःला साधेभोळे म्हणवून घेतात. मी तसा नाही. शेजारच्या टायरला कुणी नुसतं 'छान आहे हो' म्हटलं, तरी माझा तिळपापड होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळ्या रबराचे थर, त्यात पोलादी तारांची जाळी, मग एका तापलेल्या साच्यात दाबून माझ्या अंगावर नक्षी उमटवली. ती काही शोभेची नव्हती बरं का. त्या खाचांतून पावसाचं पाणी बाजूला सारलं जातं आणि रस्ता टायरच्या हाती लागतो. कारखान्यातल्या तपासनिसाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा बारमाही आहे. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, याला बदलायची गरज नाही." ते शेवटचे शब्द मी इतके मनावर घेतले की पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

माझी नेमणूक एका विजेवर चालणाऱ्या गाडीवर झाली. आम्ही चार भाऊ. दोघे मागे, एक पुढे डावीकडे आणि मी पुढे उजवीकडे, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या बाजूला! त्या गाडीत सगळी ओढ पुढच्या चाकांना असते. मागचे दोघे नुसते फरफटत येतात, असं मी त्यांना रोज ऐकवायचो.

गाडीची मालकीण फिजिओथेरपिस्ट होती. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा खांदा आखडलेला, अशा पेशंटांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घ्यायची. सगळे तिला ताई म्हणायचे. तिच्या शेजारी तिचे बाबा बसायचे. बाबांनी आयुष्यभर बस चालवली होती, त्यामुळे निवृत्त होऊनही त्यांचा उजवा पाय मोकळ्या जागी ब्रेक दाबत राहायचा.

"बाबा, तिकडे ब्रेक नाहीये," ताई हसायची.

"माहीत आहे गं. पायाला कोण सांगणार?" बाबा म्हणायचे.

तीन वर्षं मी राज्य केलं. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा वजनाने जड असते, तिच्या पोटात भलीमोठी बॅटरी असते ना! शिवाय पाय दाबला की ती एकदम उसळते. तो सगळा जोर आम्हा पुढच्या दोघांच्या अंगावर. अंग झिजत होतं, पण मला त्याचं काही नव्हतं, कारण एक गंमत घडत होती. तिसऱ्या वर्षी गाडी एका चार्जमध्ये आधीपेक्षा जास्त लांब जाऊ लागली. ताई पडद्यावरचा आकडा बघून खूश व्हायची. "बाबा, गाडी कशी मुरलीये बघा!" मला वाटायचं, गाडी कसली मुरते? ही सगळी माझी करामत!

आता ताईची चूक सांगतो. विजेच्या गाडीला इंजिन नाही, म्हणून तेल बदलायला नको. तेल बदलायला नको, म्हणून ताई गॅरेजकडे फिरकलीच नाही. दर काही महिन्यांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायचे असतात, म्हणजे चौघं सारखे झिजतात. तिला हे कुणी सांगितलंच नाही. मला ठाऊक होतं, पण माझी पुढची जागा मला कशाला सोडायची होती?

शेवटी बाबांच्या कानांनी आमचं बिंग फोडलं. या गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे टायरची घरघर लपत नाही. एका सकाळी बाबा म्हणाले, "अगं, हा भुंगा कुठे गुणगुणतोय? टायर दाखवूया एकदा."

टायरचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. डोळ्यांवर चष्मा, हाताला कायमचा काळा रंग, बोलणं तोंडावर. त्यांनी एक छोटी पट्टी आमच्या खाचांत घालून मापं घेतली. नव्या टायरमध्ये खाच आठ मिलिमीटर खोल असते. मागच्या भावांच्या अंगावर पाच उरली होती. माझ्या अंगावर दीड.

"ताई, हा टायर आहे की पाटीचा खडू?" मावशी म्हणाल्या. "पुढचे दोन्ही गेलेत. नवे घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे मला मस्तक असतं तर गेली असती.

मावशींची कामाची पद्धत वेगळी होती. टायर नुसता दाखवून त्या विकत नसत. गिऱ्हाइकाने आपल्याच गाडीवर, आपल्याच रस्त्यावर, दोन-दोन जोड्या लावून बघायच्या आणि मग ठरवायचं. त्यांनी दोन नव्या बारमाही जोड्या काढल्या. दोन्ही खास विजेच्या जड गाड्यांसाठी बनवलेल्या. पहिलीच्या पोटात आवाज गिळायला स्पंज लावलेला होता. मी तिचं नाव ठेवलं मौनीबाबा. दुसरी हलकी, कमी चार्जमध्ये लांब पळणारी. ती पळपुटी. नावं ठेवण्यापलीकडे माझ्या हातात होतं तरी काय?

सकाळच्या फेरीला मौनीबाबा गेले आणि मी दुकानाच्या भिंतीला टेकून बसलो. माझ्या जागेवर, माझ्याच रिमवर दुसरा कुणी बसून गेला! दुपारी गाडी परतली. बाबा उतरताच म्हणाले, "काय शांत आहे हो! मला डुलकी लागली." तीन वर्षांत माझ्यावरून फिरताना, माझ्या घरघरीत, त्यांना कधी डुलकी लागली नव्हती. मी मनात म्हटलं, होऊ दे पंक्चर मेल्याचं.

दुसऱ्या दिवशी तीच फेरी, तेच पेशंट, पळपुटीवर. आणि तिसऱ्या दिवशी, तुलना पुरी व्हावी म्हणून, पुन्हा आम्ही दोघे जुने. संध्याकाळी ताईने आकडे सांगितले. एका चार्जमध्ये सगळ्यात कमी अंतर मौनीबाबा, त्याहून जास्त पळपुटी, आणि सगळ्यांत जास्त कोण? मी!

"मग जुनेच राहू देत की," ताई म्हणाली. "माझा एक पेशंट तर पार घाटाच्या टोकाला राहतो. मला लांब जाणारेच हवेत. हा पावसाळा काढू यांच्यावर."

मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो काय सांगू! मौनीबाबाकडे पाहून मी फुशारकीने फुगलो.

मावशींनी चष्मा पुसला. "झिजलेला टायर हलका पळतोच, ताई. त्याच्या अंगात रस्ता धरायला काही उरलेलं नसतं, म्हणून पळतो. चला मागे, पाणी टाकून बघू."

दुकानामागे गोदामाकडे जाणारी एक लांब बंद गल्ली होती. तिथे मावशींनी पाइपने पाणी सोडलं, एक रेघ मारली आणि पुढे काही अंतरावर एक रिकामं निळं पिंप उभं केलं. "वेग चाळीस. रेघ आली की ब्रेक. ते पिंप म्हणजे रस्ता ओलांडणारं माणूस."

मौनीबाबा पिंपाच्या चांगली तीन पावलं आधी थांबले. पळपुटी वीतभर आधी. मग आमची पाळी आली. मी ठरवलं, आज जीव गेला तरी बेहत्तर, पण यांच्या आधी थांबायचं. रेघ आली. ताईने ब्रेक दाबला. मी रस्ता धरायला गेलो आणि माझ्या खाली रस्ता नव्हताच, नुसतं पाणी होतं. मी ते बाजूला सारणार कशाने? खाचाच नव्हत्या. गाडी तशीच सरकत गेली, पिंपावर आदळली, पिंप उडून भिंतीवर आपटलं आणि उभं चिरलं.

बाबांचा पाय अजून मोकळ्या जागी दाबलेलाच होता.

"मागच्या आठवड्यात शाळेजवळ केवढा पाऊस होता," ताई हळूच म्हणाली. "बाबा, मुलं सुटली होती तेव्हा. मी याच टायरांवर होते."

"आता उतर," बाबा म्हणाले. "घाटातल्या पेशंटकडे जाताना वाटेत चहा पिऊ आणि गाडी चार्ज करू. मौनी... काय ते, ते स्पंजवाले लावा मावशी."

(नाव मी ठेवलं, ते त्यांना कसं सुचलं, देव जाणे. मला तर त्याचाही राग आला.)

पुढचा घाव मावशींनी घातला. "नवे मागे लावायचे. मागचं घसरलं की गाडी गर्रकन फिरते." म्हणजे मागचे दोघे भाऊ, ज्यांना मी जन्मभर फरफटणारे म्हणालो, ते आले पुढे. माझ्या जागेवर! जाताना त्यांतला एक म्हणाला, "सांभाळून राहा, दादा." त्याच्या त्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.

माझ्या डावीकडचा भाऊ भंगारात गेला. पण पिंप चिरलं होतं, म्हणून मावशींनी मला पांढरा रंग फासून गल्लीत पिंपाच्या जागी उभं केलं. तेव्हापासून नवेकोरे टायर पाण्यातून माझ्याच रोखाने येतात आणि माझ्या पुढ्यात थांबतात. दरवेळी मी मनात म्हणतो, आदळ एकदा! तुझीही फजिती होऊ दे!

सहा महिन्यांनी ताईची गाडी टायर पुढेमागे करून घ्यायला आली. बाबांनी हट्ट धरला, "आधी पाण्यावर बघू." गाडी रेघेकडे निघाली. मी मनातल्या मनात ओरडलो, ये, मौनीबाबा, ये, आज तुझं नाक कापलं जाऊ दे.

आणि मला काचेमागे ती दोघं दिसली. मित्रांनो, टायर जन्मभर गाडीच्या खाली असतो. मी ताईच्या चपला ओळखत होतो, बाबांची काठी ओळखत होतो, पण गाडी धावत असताना त्यांचे चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते. ताईने ओठ घट्ट मिटले होते. बाबांनी एक हात तिच्यापुढे आडवा धरला होता, लहान मुलीला सावरावं तसा.

"थांब!" मी ओरडलो. "थांब रे बाबा, थांब!"

तो थांबला. माझ्यापासून तीन पावलांवर. मागून तो आणि पुढून माझे दोघे भाऊ, चौघांनी मिळून गाडी धरून ठेवली. मला इतकं हायसं वाटलं की मी रंगासकट आडवा व्हायचा बाकी राहिलो.

हेवा गेला का? छे! अजूनही त्याच्या खाचा बघून माझ्या पोटात दुखतं. म्हणून माझ्यासारख्याचं ऐकू नका, एवढंच सांगायला आलो. आज घरच्या गाडीच्या चारही चाकांवरून बोट फिरवा. खाचेत बोट रुततंय का बघा. एखादा गुळगुळीत लागला, तर मोठ्यांना हाताला धरून आणा, दाखवा आणि त्याला उतरवा. तो रुसेल, तुमच्यावर डूख धरेल, मी अजून चालतो म्हणेल. रुसू द्या त्याला.